एक हॉर्न नाय, दोन हॉर्न हां

लग्न होऊन मी टोकावड्याजवळच्या आमच्या घरात आले तेव्हा अंगाला हळदीचा वास होता. आठवडा झाला नाही तोवर त्यावर पेट्रोलचा वास चढला. नव्या सुनेकडून पहिल्यांदा कुणी शिरा करून घेतं, कुणी पुरणपोळी. मला सासूबाई म्हणाल्या, "पदर नीट घे नि जा, ट्रकात बस. मामांना रेस द्यायला माणूस पायजे."

मामा म्हणजे माझे सासरे. आणि रेस द्यायची म्हणजे पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. माहेरी मी सायकलसुद्धा धड चालवली नव्हती.

ट्रक पडवीला लागूनच उभा असायचा. मिलिटरीने वापरून लिलावात काढलेला, लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक. मामांनी तो तरुणपणी घेतला आणि त्यावर मुरबाडहून कल्याणच्या तबेल्यांपर्यंत गवताच्या गाठी वाहिल्या. मी आले ते नव्वदीचं दशक. तोवर सगळ्या जगाचे ट्रक डिझेलवर गेले होते. आमचा एकटाच पेट्रोल पीत होता. पीत कसला, ढोसत होता मेला! त्याला कामं उरली होती दोनच, धसईच्या बाजाराला माल नेणं आणि लग्नसराईत वऱ्हाड. बाकीचे दिवस तो उभा असायचा आणि मामा त्याला दुरुस्त करत असायचे. जो ट्रक चालत नाही त्याचं बिघडतं काय, असं विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

रेस द्यायचं काम पूर्वी सासूबाईंकडे होतं. एकदा गिअर पडलेला राहिला, ट्रक पुढे उडाला आणि गोठ्याची भिंत घेऊनच थांबला. त्या दिवसापासून त्या म्हणायच्या, "मी त्या पेटाऱ्यात पाय ठेवायची नाय, मेले तरी." आमचे हे शहापूरला दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. रात्री-बेरात्री भाड्यावर, आठवड्यातून एकदा घरी, आणि घरी म्हणजे झोपायला. राहिलं कोण? मी.

आता आमच्या घरची पद्धत अशी, की सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. काही सांगायचंच झालं तर सासूबाईंना सांगायचं, त्या मामांना सांगणार, मामांनी ते आधीच ऐकलेलं असणार. पण ट्रकात ही मर्यादा पाळायची कशी? मी वर ड्रायव्हरच्या जागेवर राणीसारखी बसलेली, आणि सासरे खाली बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलेले. त्यातून मामांचा डावा कान इंजिनाने कधीच खाल्ला होता आणि उजवा खायला घेतला होता. टायमिंग लावताना इंजिन कुठे अडखळतं ते त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. ते ऐकायला त्यांना माझे कान पाहिजे होते, आणि माझ्या तोंडाला तर कुलूप!

पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेटखालून विचारलं, "आवाज कसा हाय गो?"

मी मान हलवली. उघड्या बॉनेटआड मान हलवून दिसणार कुणाला?

"अगो, जिती हायस का?"

मी घाबरून हात टेकला तो नेमका हॉर्नवर. भॉंप!

"एक मारलास म्हंजे नाय ना?" मामा म्हणाले. "बरं. परत लावतो."

झालं. एक हॉर्न म्हणजे नाय, दोन हॉर्न म्हणजे हां. सासऱ्याशी अक्षर न बोलता मी त्यांना दिवसाकाठी पंचवीसदा 'नाय' म्हणायला लागले, आणि सगळी आळी ते ऐकायची. विहिरीवर बायका विचारायच्या, "आज लई नाय-नाय करत होतीस गो सासऱ्याला?"

बरं, मला त्यातलं कळायचं का? तर कळायचं. माझं माहेर आटगावला, अगदी रुळाला लागून. भरलेली मालगाडी कोणती, रिकामी कोणती, हे मी चुलीपुढून न उठता सांगायचे. इंजिनाचं काय घेऊन बसलात!

आणि हळूहळू ते कामही कळायला लागलं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, आणि ती वेळेवर पडायला लागते. लवकर पडली तर पुढून लोखंडी हॅण्डल मारून इंजिन चालू करताना ते उलटं फिरून येतं. मामांचं उजवं मनगट तसंच एकदा मोडलं होतं आणि वाकडंच बसलं होतं. उशिरा पडली तर ट्रक आळसावतो, चढावर रडतो आणि मागच्या नळीतून फटाके सोडतो. ही वेळ, म्हणजे टायमिंग, लावायची ती डिस्ट्रिब्युटर नावाचं एक गाडगं असतं ते केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून. त्यातल्या पॉइंटांमधली फट मामा काडेपेटीच्या खोक्याचा तुकडा घालून मोजत. मग दोन वायरी लावलेला छोटा बल्ब जोडायचा, आणि तो ज्या जागी पेटेल तिथे गाडगं आवळायचं. मग कार्बोरेटरचे दोन स्क्रू. एक इंजिनाला जागेवर किती पळवायचं त्याचा, दुसरा त्याला पेट्रोल किती पाजायचं त्याचा. शेवटी मडगार्डवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. पाणी थरथरलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मामा पेल्याकडे बघायचे. मी बघायचे आरशाकडे. ट्रकाला ड्रायव्हरच्या बाजूला लांब दांडीवर हातभर मोठा आरसा होता. घरातला आरसा तळहाताएवढा, तोही सासूबाईंच्या खाटेच्या वर टांगलेला, आणि त्यात दोनदा बघितलं की "कुठं नाटकात जायचंय?" असा प्रश्न. ट्रकाच्या आरशात मात्र मी हक्काने बघायचे, कारण मी कामावर होते. इंजिन मिसिंग मारत, म्हणजे अडखळत, असलं की आरसा असा थरथरायचा की मला दोन नाकं आणि चार टिकल्या दिसायच्या. मामा खाली स्क्रू फिरवत जायचे तशा टिकल्या एकमेकींत मिसळत जायच्या. चारच्या तीन, तीनच्या दोन. आणि एकदम एक क्षण असा यायचा की इंजिन सुस्कारा टाकल्यासारखं शांत व्हायचं आणि आरशात मी एकटी उरायचे, एका टिकलीची, चांगली दिसणारी. मग मी दोन हॉर्न द्यायचे. सांगते ना, त्या घरात मला सगळ्यात आधी कुणी ओळखलं असेल तर त्या आरशाने.

पण म्हणून मला ट्रक आवडत होता असं कुणी समजू नये. मला तो सवतीसारखा वाटायचा. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की ट्रक विकावा, त्यात भर घालून स्वतःचा डिझेल टेम्पो घ्यावा, धसईची नि टोकावड्याची भाजी उचलावी आणि रोज रात्री घरी यावं. रोज रात्री घरी! लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझा नवरा मला पाहुण्यासारखा भेटत होता. ट्रक गेला तर नवरा येणार, इतका सरळ हिशोब होता. मी देवाला नारळ बोलले होते. ट्रकापुढे फोडायला नव्हे, ट्रक जाण्यासाठी.

मामांपुढे विषय काढला की ते म्हणत, "विका की. मी कुठं धरून ठेवलाय?" आणि गिऱ्हाईक आलं की ट्रक चालूच होत नसे. भंगारवाले आले, एक वीटभट्टीवाला आला, सगळे हॅण्डल मारून दमले आणि चहा पिऊन गेले. आमचे हे म्हणायचे, "नशीबच फुटकं." मला नशिबाचा संशय नव्हता. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा काडेपेटी घेऊन ट्रकाकडे जाताना मी बघितलं होतं, आणि ते बिडी पेटवायला नक्कीच जात नव्हते. पण बोलणार कोणाला? त्यांच्याशी बोलायचं नाही ही तर पद्धतच, आणि नवऱ्याला सांगावं तर बाप-लेकात भांडण लावणारी म्हणून माझंच नाव होणार.

असेच एकदा आमचे हे शहापूरच्या टेम्पो स्टॅण्डवरून नाचतच आले. मुंबईचा एक माणूस मिळाला होता. सिनेमांच्या शूटिंगला जुन्या गाड्या पुरवायचा. त्याला लांब नाकाचा ट्रक पाहिजेच होता. रविवारी येतो म्हणाला. आल्या आल्या ह्यांनी मामांना बजावलं, "बाबा, ह्या वेळंला गाडी एका हाकेत चालू झाली पायजे. टायमिंग, कार्बोरेटर, सगळं तुमच्या हातानं लावा."

"लावतो की," मामा म्हणाले. किती शहाण्या मुलासारखं म्हणाले ते! मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

रविवारी सकाळी मामांनी सगळी मांडामांड केली. काडेपेटीचा तुकडा, बल्ब, पेला. मी पदर घेऊन वर चढले. इंजिन चालू झालं आणि मामांनी गाडगं फिरवायला घेतलं. आरशात माझ्या दोन टिकल्या होत्या, त्या मिसळायच्या सोडून तीन झाल्या. मी एक हॉर्न दिला. मामांनी आणखी त्याच बाजूला फिरवलं. टिकल्या चार झाल्या. मी पुन्हा एक हॉर्न दिला. मग त्यांनी पेट्रोलचा स्क्रू असा काही सोडला की मागच्या नळीतून काळा धूर आला आणि फाट करून असा आवाज झाला की सासूबाईंच्या कोंबड्या छपरावर गेल्या. मी हॉर्नवर हातच ठेवला. भॉंऽऽप!

मामा बॉनेटखालून बाहेर आले आणि बाजूला होऊन त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. माझा पदर खांद्यावर आला होता. त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि डोळ्यांत असं काही होतं, की चोरी पकडली गेली आहे आणि आता पकडणाऱ्याच्याच हातात सगळं आहे. माझा नवरा पलीकडे अंगणात पाणी शिंपडत होता, गिऱ्हाइकाची वाट बघत. एक हाक मारली असती तर माझा टेम्पो माझ्या दारात आला असता. मला राग आला, खरंच सांगते, त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की रडू आलं. आणि मी हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मामांनी नट आवळला.

गिऱ्हाईक आलं. गॉगल, पांढरे बूट, हातात चाव्यांचा जुडगा. आमच्या ह्यांनी उमेदीने हॅण्डल मारलं. ट्रक चालू झाला, खोकला, धूर सोडला, फाट फाट दोन फटाके वाजवले आणि अंग थरथरवत मेला. आमचे हे घामाघूम. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. मामा पडवीत बसून बिडी ओढत होते, तोंडावर कसलं दुःख आणलं होतं म्हणून सांगू!

गिऱ्हाइकाने गॉगल काढला. "परत करा," तो म्हणाला.

पुन्हा फाट, फाट, धूर, मरण.

"अरे, हाच! हाच पाहिजे!" तो टाळीच वाजवायला लागला. "आमचा सीनच तसा आहे. घाटात ट्रक बंद पडतो. आम्ही चार गाड्या बघितल्या, सगळ्या नीट चालतात हो! असा बंद पडणारा शोधून सापडत नाही. हा तर न सांगता ॲक्टिंग करतोय!"

मामांची बिडी बोटातच राहिली.

सौदा तिथेच ठरला. उद्या दुपारी माणसं पाठवतो म्हणून तो गेला. आमचे हे पेढे आणायला टोकावड्याला पळाले. मला हसावं की काय करावं कळेना. माझा नारळ फळाला आला होता आणि तो मामांनीच फोडला होता. पण पडवीत बघितलं तर ते गुडघ्यावर हनुवटी टेकून ट्रकाकडे बघत बसलेले. संध्याकाळी जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "पोट बिघडलंय का?" तर म्हणाले, "लोक हसतील गो त्याला."

"कुणाला?"

"ट्रकाला. सगळ्या दुनियेत दाखवतील, बंद पडला म्हणून."

"मग विकायचा नव्हता तर—"

"विकायचा नव्हताच," मामा म्हणाले. "पण आता चाललाच हाय, तर असा नाय जायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. सासूबाई ओरडल्या की विकलेल्या वस्तूवर पेट्रोल कशाला जाळता. मामा म्हणाले, "पोरीला सासरी पाठवताना खोकत पाठवतात का?" मग स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी सासूबाईंच्या तोंडून निरोप यायचा. त्या दिवशी स्वतः म्हणाले, "चल गो, पोरी. एकदा."

त्या दिवशी मामांनी जसं टायमिंग लावलं तसं मी कधी बघितलं नाही, म्हणजे ऐकलं नाही. काडेपेटी नवी कोरी फोडली. बल्ब पेटला तिथे थांबले, जरासं मागे गेले, पुन्हा आले. वाकडं मनगट गाडग्यावर फिरत होतं, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात फिरवतात तसं. स्क्रू आत घेतला, बाहेर काढला, पाव आटा, त्याच्याही अर्धा. आरशात माझ्या टिकल्या मिसळत गेल्या. दोन उरल्या. मी एक हॉर्न दिला. आणखी थोडं. एकदम सगळं थांबल्यासारखं झालं. इंजिन चालू होतं, पण घरात कुणीतरी गाढ झोपलेलं असावं इतकाच आवाज. आरशात मी एकटी, आणि माझ्या डोळ्यांना ही धार लागलेली. पेल्यातल्या पाण्यावर गोठ्याचं छप्पर उलटं दिसत होतं, जरासुद्धा न हलता.

मी दोन हॉर्न दिले. मामांनी हात पुसले आणि बॉनेट सावकाश लावलं.

दुपारी मुंबईहून एक ड्रायव्हर आला आणि त्याच्याबरोबर ट्रक ढकलायला चार धट्टीकट्टी माणसं. ड्रायव्हरने अर्धं हॅण्डल फिरवलं तोच ट्रक चालू झाला. ती चार माणसं एकमेकांकडे बघत मागे चढून बसली आणि मजेत मुंबईला गेली. आमचे हे धास्तावले की आता गिऱ्हाईक परत पाठवतंय की काय. पण त्याने नुसता निरोप धाडला, बंद पाडायचं आम्ही बघून घेऊ.

टेम्पो आला. नवरा रोज रात्री घरी यायला लागला आणि मला कळलं की तो घोरतो. टेम्पो डिझेलचा. त्याला ठिणगी लागत नाही, टायमिंग ऐकायला कुणी लागत नाही, आणि त्याच्या आरशात चालू इंजिनावर कधीच धड दिसत नाही. मी कुणाकडे तक्रार करणार? मागितलं होतं तेच मिळालं होतं.

वर्षं गेली. मामांचा दुसराही कान गेला. घरची पद्धत सैल झाली, मी त्यांच्याशी मोकळेपणी बोलायला लागले, म्हणजे बोंबलायला लागले, कारण त्याशिवाय त्यांना काही पोचत नव्हतं. तोंडाचं कुलूप निघालं तेव्हा पलीकडचं दार बंद झालं होतं.

मग घरात केबल आली, आणि एका दुपारी आमचे हे ओरडले, "अगं ये, लवकर ये! आपला ट्रक!"

घाटातला रस्ता होता. आमचा ट्रक आला, वर कसलासा भडक निळा रंग मारलेला, पण ते नाक आणि तो आरसा कुठेही ओळखला असता. फाट फाट आवाज करत थांबला, खोकला. हिरो खाली उतरला, बॉनेट उघडून आत घुसला. हिरॉईन वर ड्रायव्हरच्या जागेवर, रेस द्यायची सोडून आरशात बघून केस सारखे करत होती. ट्रक आणखी खोकला, मग हिरोने त्याला लाथ मारली. आमचे हे हसले, सासूबाई हसल्या, आळीतल्या ज्या बायका आल्या होत्या त्याही पोट धरून हसल्या.

मामा हसले नाहीत. त्यांना ते खोकणं ऐकूच येत नव्हतं. ते खाटेवरून उठून पडद्याला नाक लागेल इतके पुढे गेले होते.

"इंजिन चालू हाय," ते म्हणाले.

"कसलं चालू, बाबा? बंद पडलाय बघा ना," आमचे हे ओरडले.

"बंद हाय तर पंखा कसा फिरतोय?"

खरंच. उघड्या बॉनेटच्या कडेने पंखा फिरताना दिसत होता. मामांनी मागे वळून मला शोधलं. बाकी कुणाला नाही, मलाच.

"आवाज कसा हाय गो?" त्यांनी विचारलं. "एक का दोन?"

टीव्हीतून नुसतं फाट फाट चाललं होतं. माझ्या कानांना विचारलं असतं तर एकच. पण पडद्यावर ती बाई अजून आरशात बघत होती, आणि आरशात तिचं एकच तोंड होतं, कपाळावर एकच टिकली, जरासुद्धा न हलणारी. आवाज मेल्यांनी मागून चिकटवला होता.

मी दोन बोटं वर केली, त्यांना नीट दिसतील अशी.

मामांनी ती बघितली. मग खाटेवर परत येऊन बसले आणि वाकडं मनगट दुसऱ्या हाताने चोळत म्हणाले, "म्हंजे टायमिंगला कुणी हात नाय लावला."